न उघडलेला दरवाजा



गेल्या महिन्यात आमच्याकडे एका भगिनीचे पत्र आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तिचे नावगाव आम्ही देत नाही. तशी तिची विनंतीच आहे. हकीकत थोडक्यात अशी. धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, त्यात हिची किडनी जुळली. हिने आलिमांना विचारले, सासरी बोलणे केले आणि किडनी दिली. सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग भावाच्या शरीराने ती किडनी नाकारली, पाठोपाठ जंतुसंसर्ग झाला, आणि भाऊ अल्लाहला प्यारा झाला.

पुरशाला आलेल्या बायकांत कुणीतरी बोलून गेले, ‘‘भाऊ तर गेलाच, हिची किडनीपण फुकट गेली.’’

हे वाक्य त्या भगिनीच्या मनात रुतून बसले आहे. तिने आम्हाला दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला प्रश्न: खरेच फुकट गेली का? दुसरा: भावाची दोन्ही मुले अजून लहान आहेत. मोठी झाल्यावर त्यांना हे सांगावे का? सांगितले तर तो दिखावा होईल, रिया होईल, केलेले सगळे वाया जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर लिहायला बसलो आणि आम्हाला एका माणसाची आठवण झाली. हा माणूस ना आपल्या देशाचा, ना आपल्या दीनचा. ऐंशी वर्षांपूर्वीच्या महायुद्धात एका बॉम्बफेकी विमानातला साधा गनर होता तो. पण या भगिनीच्या प्रश्नाला त्याची हकीकत जितकी लागू पडते तितके आमचे स्वतःचे शब्द पडणार नाहीत. म्हणून आज तीच सांगतो.

त्याचे नाव अँड्र्यू मिनार्स्की. जन्म १४ ऑक्टोबर १९१६, कॅनडातल्या विनिपेग शहरात. आईवडील पोलंडमधून पोटापाण्यासाठी तिकडे गेलेले. अँड्र्यू सोळा वर्षांचा असताना वडील वारले. आई आणि भावंडांचा भार पोरावर आला. एका फरच्या कारखान्यात तो मऊ कातडे कापायच्या कामाला लागला आणि काही वर्षे तेच करत राहिला. घरी आला की सुतारकाम करी. टेबल-खुर्च्या, कपाटे बनवण्याचा त्याला नाद होता. स्वभावाने शांत आणि थोडा गमत्या. त्याला ओळखणाऱ्यांनी पुढे सांगितले आहे ते एवढेच. असा तरुण आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एकतरी सापडेल: बाप लवकर गेलेला, हाताला कारागिरी असलेला, घर चालवणारा.

१९४१ साली तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. आधी त्याला वायरलेस शिकायला पाठवले. पण मोर्सच्या टकटकीवर त्याचा हात काही बसेना. तेव्हा त्याला गनर केले. १९४२ च्या डिसेंबरात शिक्षण संपले आणि पुढच्याच महिन्यात तो इंग्लंडला रवाना झाला. १९४४ च्या एप्रिलमध्ये त्याची नेमणूक ४१९ नंबरच्या कॅनेडियन स्क्वाड्रनमध्ये झाली. तिचा तळ उत्तर इंग्लंडमध्ये डरहॅम परगण्यात, मिडलटन सेंट जॉर्ज येथे होता.

पुढचे समजण्यासाठी ते विमान डोळ्यांसमोर आणावे लागेल. लँकेस्टर नावाचे हे विमान चार इंजिनांचे, आणि त्यात सात माणसे असत. पाच जण पुढच्या भागात. सहावा म्हणजे मिनार्स्की. तो विमानाच्या पाठीवर, मधोमध बसवलेल्या काचेच्या घुमटात बंदुका घेऊन बसे. सातवा अगदी शेपटीच्या टोकाला, एका फिरत्या कोठीत. या कोठीला टरेट म्हणतात. आत माणूस जेमतेम मावेल एवढीच जागा. पॅराशूटही आत ठेवता येत नसे, ते मागे विमानाच्या पोटात टांगलेले असे. ही कोठी इंजिनाकडून येणाऱ्या तेलाच्या दाबावर फिरे. ती सरळ रेषेत आली तरच तिचा दरवाजा विमानाच्या आत उघडे. वाकडी अडकली तर आतला माणूस आतच.

त्या शेपटीच्या कोठीत पॅट ब्रोफी बसत असे. ब्रोफी अधिकारी होता आणि मिनार्स्की हुद्द्याने त्याच्या खाली. पण दोघे जिवलग दोस्त. रात्री निरोप घेताना मिनार्स्की मुद्दाम कडक सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, ‘‘गुड नाइट, सर!’’ दोघांमधली ही रोजची चेष्टा होती. जूनमध्ये मिनार्स्कीलाही बढती मिळून तो अधिकारी झाला, तरी चेष्टा काही सुटली नाही.

६ जून १९४४ ला मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्यांच्यावर जर्मन कुमक रेल्वेने येऊ नये म्हणून फ्रान्समधली रेल्वे यार्डे बॉम्बने उडवण्याचे काम बॉम्बर विमानांकडे दिले होते. १२ जूनच्या रात्री मिनार्स्कीच्या विमानाला उत्तर फ्रान्समधले कांब्रे शहराचे रेल्वे यार्ड नेमून दिले गेले. या सात जणांची ही तेरावी मोहीम होती. उड्डाणाआधी सगळे गवतावर बसले असताना मिनार्स्कीला चार पानांचे क्लोव्हर सापडले. तिकडे त्याला नशीबवान समजतात. त्याने ते आपल्याजवळ न ठेवता ब्रोफीला दिले. आपण शकुन-अपशकुन मानत नाही, तेरा आकड्याची नहूसतही मानत नाही. पण चांगली म्हणून हाती आलेली वस्तू दोस्ताच्या हातावर ठेवायची, ही त्याची सवय मात्र येथेच दिसते.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर ते सर्चलाइटच्या झोतात सापडले. पायलट आर्ट डी ब्रेनने विमान खाली झुकवून झोत चुकवले. पण थोड्याच वेळात एक जर्मन लढाऊ विमान खालून आले. त्याच्या गोळ्यांनी डाव्या बाजूची दोन्ही इंजिने बंद पडली आणि डावा पंख पेटला. विमानाच्या पोटात, दोन गनरांच्या मधल्या जागेत, तेलाच्या नळ्या फुटून भडका उडाला. डी ब्रेनने सगळ्यांना उडी मारण्याचा हुकूम दिला. मध्यरात्र उलटून तेरा मिनिटे झाली होती आणि विमान जमिनीपासून चारशे मीटरच्या आसपास उरले होते. पुढच्या लोकांनी एकेक करून उड्या मारल्या. शेवटी पायलटही पुढच्या दारातून निघाला. मागचे दोघे बाहेर पडले असणार, असे त्याने धरले.

मिनार्स्की आपल्या घुमटातून उतरून मागच्या दाराशी पोहोचला. पॅराशूट अंगावर होतेच. एक पाऊल बाहेर टाकले असते तर तो वाचला असता. पण त्याने शेपटीकडे पाहिले. ब्रोफी कोठीत अडकला होता. डाव्या बाजूची इंजिने बंद पडल्याने तेलाचा दाब गेला होता आणि कोठी वाकडी रुतून बसली होती. हाताने फिरवायचा दांडा ब्रोफीच्या हातात तुटून आला होता.

मधे आग होती. मिनार्स्की गुडघ्यांवर रांगत त्या आगीतून मागे गेला. त्याचे कपडे तेलाने भिजले आणि पेटले. भिंतीवरची कुऱ्हाड काढून त्याने दरवाजा फोडायचा प्रयत्न केला. दरवाजा हलेना. मग त्याने कुऱ्हाड टाकून दिली आणि उघड्या हातांनी ओढू लागला. ब्रोफी काचेतून हे बघत होता. याने काही उपयोग होणार नाही, हे त्याला कळले होते. त्याने हाताने खूण केली: जा, तू जा. मिनार्स्की काही वेळ ऐकेना. शेवटी काहीच करता येत नाही हे पाहून तो मागे सरकला. मागे वळायला जागा नव्हती. म्हणून तोंड दोस्ताकडे ठेवूनच, उलटा रांगत, पुन्हा त्याच आगीतून तो दारापर्यंत गेला. तिथे उभा राहिला. पेटलेल्या कपड्यांतच त्याने ब्रोफीला सलाम केला आणि काहीतरी बोलला. आवाज पोहोचण्यासारखा नव्हता, पण ओठ काय म्हणत आहेत ते ब्रोफीला कळले. रोजचेच ते दोन शब्द होते. मग त्याने उडी मारली.

जमिनीवरच्या फ्रेंच लोकांनी त्याला खाली येताना पाहिले. त्याचे कपडे आणि पॅराशूट दोन्ही जळत होते. लोकांनी त्याला शोधून काढले तेव्हा तो जिवंत होता. पण भाजण्याच्या जखमा एवढ्या होत्या की तो वाचला नाही. वय सत्तावीस. मेअरिकूर नावाच्या फ्रेंच गावाच्या कब्रस्तानात त्याची कबर आहे.

आता वाचकांना वाटेल, ब्रोफीही गेला असणार. पण नाही. रिकामे, पेटलेले विमान उतरत-उतरत शेतात आदळले. पंख झाडावर आपटला, विमान गर्रकन फिरले, शेपटीची कोठी तुटून बाजूला फेकली गेली आणि तिच्यातून ब्रोफी बाहेर पडला. पोटात बॉम्ब होते, त्यांतले थोडेच फुटले. शुद्धीवर आला तेव्हा त्याला मोठी इजाही झालेली नव्हती. जो दरवाजा कुऱ्हाडीने उघडला नाही, तो धडकेने उघडला. ज्याला वाचवायचे होते तो वाचला. पण मिनार्स्कीच्या हातून नव्हे. मिनार्स्की मागे गेलाच नसता तरी ब्रोफी वाचलाच असता.

या ठिकाणी आम्ही थांबतो, कारण त्या भगिनीचा पहिला प्रश्न येथेच आहे. हिशेबाने पाहिले तर मिनार्स्कीचे जाणे फुकट गेले. त्याने काहीही साधले नाही, उलट एक जीव जास्त गेला. पुरशाला आलेली ती बाई या कब्रस्तानात उभी असती तर तिने हेच म्हटले असते.

पण आपल्या दीनने आपल्याला असा हिशेब शिकवलेला नाही. यर्मुकच्या लढाईची रिवायत घराघरात सांगितली जाते. जखमी पडलेल्या आपल्या चुलत भावाला शोधत एक जण पाण्याची पखाल घेऊन निघाला. भाऊ सापडला. पाणी तोंडाला लावणार तोच जवळून कण्हण्याचा आवाज आला. भावाने खूण केली, आधी त्याला दे. तो दुसऱ्याकडे गेला, तर दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवले. तिसऱ्याकडे पोहोचेपर्यंत तो गेला होता. परत दुसऱ्याकडे आला, तोही गेला होता. भावाकडे आला, भाऊही गेला होता. पखाल भरलेलीच राहिली. एक घोटही कुणाच्या घशाखाली उतरला नाही.

चौदाशे वर्षे आपण ही रिवायत ऐकतो आहोत. आजवर कुणी म्हटले का, की पाणी फुकट गेले? याला ईसार म्हणतात. स्वतःला गरज असताना दुसऱ्याला पुढे करणे. मदीनेच्या अन्सारांची हीच खुबी कुरआनात सूरह हश्रमध्ये सांगितली आहे. ईसारचे मोल पाणी कुणी प्याले यावर ठरत नाही. पखाल दुसऱ्याकडे वळवली त्या क्षणीच ते ठरून जाते. अमलांचा मदार नियतीवर आहे, हे आपण मुलांना पहिल्या हदीसपासून शिकवतो. मग आपल्याच घरातल्या बहिणीच्या वेळी आपण ऑपरेशन यशस्वी झाले की नाही हे का विचारतो?

ताई, तुमची किडनी त्या ऑपरेशन टेबलावरच कबूल व्हायची ती झाली असेल. पुढचे महिने मोजायचे काम तुमचे नव्हते. भाऊ किती दिवस जगणार हे लिहिणारा दुसरा आहे. आणि जाताना तुमच्या भावाला एक गोष्ट ठाऊक होती. आपली बहीण आपल्यासाठी आगीतून रांगत आली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. एवढे पाहून गेलेला माणूस रिकाम्या हाताने गेला, असे आम्हाला वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी पुन्हा ब्रोफीकडे वळतो.

त्या रात्री विमानाच्या शेपटीत काय घडले हे पाहणारी माणसे दोनच. त्यांतला एक मरण पावला. बाकीचे पाच जण आधीच उड्या मारून गेलेले. ब्रोफीही मेला असता, तर आज मिनार्स्की हे एका कबरीवरचे नाव उरले असते, बस्स. त्या काळात अशी नावे किती होती याची कल्पना यावी म्हणून सांगतो. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या विमानांतून सुमारे सव्वा लाख माणसांनी सेवा केली. त्यांतले ५५,५७३ मारले गेले. कॅनडाचे त्यांत जवळजवळ १०,००० होते. बहुतेकांचा शेवट कसा झाला हे सांगायला कुणी उरलेच नाही.

ब्रोफीला फ्रेंच लोकांनी जर्मनांपासून लपवून ठेवले. सप्टेंबर १९४४ मध्ये तो इंग्लंडला परतला, तेव्हा त्याला कळले की मिनार्स्की वाचला नाही. १९४५ मध्ये त्याची आपल्या पायलटशी, डी ब्रेनशी, भेट झाली आणि त्याने सगळी हकीकत सांगितली. डी ब्रेनला तोपर्यंत यातले काहीच माहीत नव्हते. त्याने ती साक्ष वरपर्यंत नेली, पाठपुरावा केला. अखेर ११ ऑक्टोबर १९४६ ला, घटनेला दोन वर्षे उलटून गेल्यावर, मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पदक त्याच्या आईच्या हाती आले. विधवा झाल्यावर ज्या पोराच्या कमाईवर घर चालले, त्या पोराने शेवटच्या क्षणी काय केले हे त्या माउलीला कळले ते एका माणसाने तोंड उघडले म्हणून. आज विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे, मिडलटन सेंट जॉर्जच्या जुन्या तळावर त्याचा पुतळा आहे. जगात उडू शकणारी लँकेस्टर विमाने आता दोनच उरली आहेत. त्यांतले एक कॅनडात हॅमिल्टनच्या संग्रहालयाकडे आहे, आणि ते मिनार्स्कीच्या नावाने ओळखले जाते.

हे पदक आपल्याला परके नाही. त्याच १९४४ च्या एप्रिलमध्ये इंफाळजवळ जमादार अब्दुल हाफिज यांनी ते आपल्या प्राणांच्या मोलाने मिळवले. मिनार्स्कीनंतर महिन्याभरातच, १० जुलैला, इटलीत आपल्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे यांनीही. माणगावात त्यांचा पुतळा वाचकांनी पाहिला असेल. प्रत्येक वेळी कुणीतरी मागे राहिले आणि त्याने सांगितले, म्हणून ही नावे आपल्यापर्यंत आली.

अरबीत ‘शहादत’ शब्दाचा पहिला अर्थ साक्ष हाच आहे. कलमा-ए-शहादत म्हणजे साक्षीचा कलमा. ज्याने पाहिले त्याने साक्ष लपवू नये, लपवणाऱ्याचे दिल गुनहगार होते, अशी ताकीद कुरआनात आहे. आपण ती कोर्टकचेरी आणि देण्याघेण्यापुरती समजतो. पण कुणी आपल्यावर केलेल्या उपकाराची साक्षही साक्षच असते. जो माणसांचे शुक्र मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, हे पैगंबरांनी (स.) आपल्याला सांगून ठेवले आहे.

म्हणून ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे. तुमची रियाची भीती बरोबर आहे. तुम्ही स्वतः सांगत फिरू नका. मिनार्स्कीही स्वतःचे सांगायला आला नाही. पण जे काम तुमचे नाही ते दुसऱ्या कुणाचे तरी आहे. ते तुमच्या भाभीचे आहे, तुमच्या अम्मीचे आहे, मोठ्या भावांचे आहे. ज्यांनी पाहिले त्यांनी मुलांना सांगायचे आहे: तुमच्या अब्बांसाठी तुमच्या फुफीने हे केले होते. हे पत्र छापून आल्यावर अंक त्यांच्यापुढे उघडा ठेवा. नाव नाही, पण त्यांना कळेल. आणि मुलांनी कधी तुमच्या कुशीवरचा व्रण पाहून विचारलेच, तर खोटे बोलू नका. सरळ सांगा आणि विषय बदला.

येथे काही वाचक आम्हाला टोकतील, आणि टोकायला हवे. ज्या विमानातून बॉम्ब पडतात त्या विमानातल्या माणसाची तारीफ आपण करावी का? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. त्या युद्धात हॅम्बर्ग, ड्रेस्डेनसारखी शहरे आकाशातून जाळली गेली. हजारो बायामुले, म्हातारेकोतारे मेले. ज्या फ्रान्सची सुटका करायची होती, तिथलेही हजारो नागरिक या बॉम्बहल्ल्यांत बळी पडले. शामच्या मोहिमेवर निघालेल्या फौजेला हजरत अबू बकर (रजि.) यांनी बजावले होते की बायका, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका. त्या मापाने पाहिले तर शहरांवर रात्री बॉम्ब टाकणे कुणाच्याही बाजूने बसत नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली बॉम्बर कमांडच्या मृतांचे स्मारक झाले. त्यावरही बॉम्बहल्ल्यांत मरण पावलेल्या सर्व देशांच्या लोकांची आठवण कोरलेली आहे. तेवढी जाणीव तिकडेही आली.

मिनार्स्कीला आम्ही कुठलाही दर्जा देत नाही. त्याचा आखिरतचा मामला त्याच्या निर्मात्याकडे. त्याला नेमून दिलेले काम रेल्वे यार्डाचे होते. हुकूम वरून आलेला होता आणि तो सत्तावीस वर्षांचा गनर होता. आम्ही बोलतो आहोत ते त्या दोन-तीन मिनिटांबद्दल. त्यांत त्याला कुणीही हुकूम दिला नव्हता, उलट हुकूम उडी मारण्याचा होता. त्या वेळात त्याने काय निवडले ते त्याचे स्वतःचे. भलाई जिथे दिसेल तिथे ती भलाई म्हणायला आपल्याला कुणी मना केलेले नाही.

एक गोष्ट अजून राहते. कोकणातल्या आमच्या वाचकांच्या घरांत अशी नावे असतील, ज्यांचा ब्रोफी परत आला नाही. त्याच महायुद्धात रत्नागिरी-रायगडच्या गावांतले मुसलमान खलाशी ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर भट्टीत कोळसा टाकत होते, डेकवर राबत होते. हिंदुस्थानचे हजारो खलाशी त्या युद्धात समुद्रात गेले. टॉर्पेडो लागला तेव्हा इंजिनखोलीतून कोण वर आला, कोण दुसऱ्याला ढकलून स्वतः मागे राहिला, हे सांगायला कुणी वाचलेच नाही. घरी आले ते एक कागद किंवा तेही नाही. तेव्हा काय? त्यांचे फुकट गेले?

अल्लाहच्या नावांत एक नाव अश्-शहीद आहे, म्हणजे सर्व काही पाहणारा, साक्षी. माणसांची साक्ष आपण द्यायची ती आपल्यासाठी, आपल्या मुलांसाठी, कृतघ्न होऊ नये म्हणून. त्याला तिची गरज नाही. बंद इंजिनखोलीत आणि पेटलेल्या विमानाच्या शेपटीत जे घडते तेही त्याच्या समोर असते. ऑपरेशन थिएटरमध्ये शेजारच्या टेबलावर भूल देऊन झोपवलेल्या बहिणीच्या मनात काय होते, तेही.

वाचकांना एकच विनंती. या महिन्यात घरातल्या एखाद्या बुजुर्गाजवळ बसा आणि विचारा: तुमच्यासाठी कुणी काय केले होते, जे तुम्ही आम्हाला अजून सांगितलेले नाही? उत्तर लिहून ठेवा. अम्मीने कुणाचे दागिने गहाण ठेवून शिक्षण घेतले, चाचांनी दुबईची पहिली कमाई कुणाच्या कर्जात भरली, कुठल्या मामूने भाच्यासाठी आपले लग्न दोन वर्षे पुढे ढकलले. सांगणारे जातात तेव्हा हे सगळे त्यांच्याबरोबर जाते.

त्या भगिनीच्या भावाला अल्लाह मगफिरत देवो, आणि तिच्या राहिलेल्या एका किडनीला लांब आयुष्य. आमीन.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.